औषधांना न जुमानणारा टायफॉईड: गोळी स्वस्त आहे, मग बिल एवढं का फुगतं?

टायफॉईडचं औषध महाग आहे का असं कोणी विचारलं तर उत्तर जरा विचित्र आहे. गोळी महाग नाहीये. आजही बऱ्याच ठिकाणी साधा टायफॉईड ज्या गोळीवर बरा होतो ती अ‍ॅझिथ्रोमायसिन पेटंटमधून कधीच मोकळी झालीय, ढीगभर कंपन्या बनवतात, कोर्स आठवडाभराचा. तरी घरात कोणाला रेझिस्टंट टायफॉईड निघाला की बिल बघून डोळे पांढरे होतात, आणि ते बिल नीट वाचलं तर त्यात गोळ्यांचा आकडा छोटासाच असतो, मोठे आकडे असतात बेडचे, सलाईनचे, शिरेतून दिलेल्या इंजेक्शनांचे, रोजच्या तपासण्यांचे. त्याच्याही आधी दोन-तीन अँटिबायोटिक घेऊन झालेली असतात जी लागूच पडली नाहीत, ती तर बिलात दिसतही नाहीत. वर बुडालेली मजुरी वेगळीच. त्यामुळे परवडणारा इलाज शोधायचा तर खरा प्रश्न हा की लागू पडणारं औषध पहिल्या फटक्यात कसं सापडेल. नवं स्वस्त औषध यायची वाट बघण्यापेक्षा यातच जास्त पैसे वाचतात असं माझं मत आहे, आणि ते का ते सांगतो, पण त्यासाठी आधी जंतूकडे बघावं लागेल.

टायफॉईडचा जंतू म्हणजे साल्मोनेला टायफी. हा फक्त माणसात राहतो, जनावरांत नाही, म्हणजे प्रत्येक पेशंटला तो कुठल्यातरी दुसऱ्या माणसाच्या विष्ठेतूनच आलेला असतो, पाण्यातून नाहीतर खाण्यातून. (वाचायला घाण वाटतं पण हे लक्षात ठेवा, पुढे लसीचा विषय आला की उपयोगी पडेल.) पोटात गेला की लहान आतड्याच्या भिंतीतून आत शिरतो आणि मग जी गोष्ट करतो त्यामुळे हा आजार एवढा चिवट होतो: जंतूंना गिळून मारणाऱ्या ज्या आपल्या पेशी, मॅक्रोफेज, त्यांच्याच पोटात जाऊन हा आरामात राहतो आणि तिथेच वाढतो. त्याच पेशींवर बसून तो लिव्हर, प्लीहा, हाडांमधली मज्जा, पित्ताशय सगळीकडे पोचतो. हे सगळं होईपर्यंत आठवडा-दोन आठवडे गेलेले असतात, ताप त्यानंतर सुरू होतो आणि रोज थोडा थोडा चढत जातो. इलाज झाला नाही तर तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडायची भीती असते, रक्तस्राव होऊ शकतो. अँटिबायोटिक नव्हती तेव्हा शंभरातले दहा-वीस पेशंट दगावायचे, योग्य औषध वेळेत मिळालं तर आज हे प्रमाण एक टक्क्याच्या आत येतं. तरीही जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा अंदाज असा होता की जगात वर्षाला साधारण ९० लाख लोकांना टायफॉईड होतो आणि १ लाख १० हजार माणसं त्यात जातात.

आता औषधांची गोष्ट. १९४८ मध्ये मलायातल्या क्वालालंपूरला डॉक्टर मंडळी स्क्रब टायफस नावाच्या दुसऱ्याच तापावर क्लोरॅम्फेनिकॉल या नव्या औषधाची चाचणी घेत होती, त्यात काही पेशंट नंतर टायफॉईडचे निघाले आणि तेही बरे झाले. म्हणजे टायफॉईडवरचं पहिलं खरं औषध जवळपास योगायोगानेच सापडलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं मजेत गेली. मग १९७२ मध्ये मेक्सिकोत मोठी साथ आली ती क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारी, त्याच वर्षी केरळातही तसाच टायफॉईड दिसला. मग अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्साझोल वापरायला लागले, तर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी या तिन्ही औषधांना एकदम पचवणारा जंतू पसरला, त्याला एमडीआर म्हणतात. त्याच्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. आणि ते खरंच भारी होतं, गोळीच्या गोळी, तीन-चार दिवसांत ताप गायब. झालं, ज्याला त्याला कुठल्याही तापाला सिप्रो द्यायला सुरुवात झाली आणि दहाएक वर्षांत दक्षिण आशियात त्याचीही धार गेली. मग सेफ्ट्रियाक्झोन, म्हणजे इंजेक्शन. म्हणजे बघा, प्रत्येक पायरीला औषध फक्त बदलत नाहीये, महाग होत चाललंय आणि गोळीकडून सुईकडे चाललंय. खर्चाची खरी उडी तिथे आहे, कारण गोळी घरी बसून घेता येते आणि सुईला माणूस, जागा आणि बहुतेक वेळा बेड लागतो.

नोव्हेंबर २०१६ पासून पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबाद शहरात पेशंट यायला लागले ज्यांना सेफ्ट्रियाक्झोन पण लागू पडेना. तपासलं तर जंतू क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल, सिप्रो आणि सेफ्ट्रियाक्झोन, पाचही पचवून बसलेला. याचं नाव एक्सडीआर टायफॉईड. झालं काय होतं तर आधीच एमडीआर असलेल्या जंतूच्या हाती एक प्लास्मिड लागलं. प्लास्मिड म्हणजे डीएनएचं छोटं कडं, जंतू ते एकमेकांना पेन ड्राइव्हसारखं देतात, आणि गंमत अशी की देणारा आपल्या जातीचाच पाहिजे असं काही नाही. हे प्लास्मिड आतड्यातल्या साध्या ई-कोलाय जातीच्या जंतूंमध्ये असतं तसंच होतं आणि त्यावर सेफ्ट्रियाक्झोनला कापून टाकणारं एन्झाइम बनवायची कृती होती. शहरात पेशंट कुठे कुठे आहेत याचा नकाशा काढला तेव्हा पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळत असल्याकडे बोट गेलं. अशा ठिकाणी ई-कोलाय आणि टायफी दोघे एकाच पाण्यातून एकाच आतड्यात भेटणार, मग देवाणघेवाण व्हायला काय वेळ लागतो.

एक्सडीआरवर दोनच गोष्टी भरवशाच्या उरल्या. एक अ‍ॅझिथ्रोमायसिनची गोळी आणि दुसरी मेरोपेनेम, जी कार्बापेनेम गटातली आहे आणि फक्त शिरेतून देता येते. मेरोपेनेम शरीरातून तासाभरात निम्मी होते म्हणून दिवसातून तीनदा द्यावी लागते, दहा ते चौदा दिवस. म्हणजे दोन आठवडे अ‍ॅडमिट. औषधाची किंमत एकवेळ बाजूला ठेवा, दोन आठवडे हॉस्पिटलात राहणं हीच कुठल्याही साध्या घराला कर्जात घालणारी गोष्ट आहे.

इथे एक अभ्यास सांगायलाच हवा. कराचीच्या आगा खान विद्यापीठातल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडच्या एक्सडीआर टायफॉईडच्या पेशंटचे जुने कागद काढून बघितले. काहींना फक्त अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं होतं, काहींना फक्त मेरोपेनेम, काहींना दोन्ही. ताप उतरायला तिन्ही गटांना साधारण सारखाच वेळ लागला होता, सात दिवसांच्या आसपास. आणि रोजच्या खर्चात फरक किती, तर गोळीवाल्या आणि मेरोपेनेमवाल्या पेशंटमध्ये दहापटीहून जास्त! आता लगेच कोणी उड्या मारू नका. हे पेशंट चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, डॉक्टरांनी आपापल्या अंदाजाने औषध निवडलं होतं, जास्त आजारी माणसाला मेरोपेनेम गेली असणार हे उघड आहे. पण ज्याला उलट्या होत नाहीत, शुद्ध व्यवस्थित आहे, पोट फुगलेलं नाही, बीपी ठीक आहे, अशा पेशंटला एक्सडीआर असला तरी गोळीवर ठेवता येतं हे त्यातून नक्की दिसतं, आणि रिपोर्टवर एक्सडीआर हा शब्द बघितल्या बघितल्या सगळ्यांना अ‍ॅडमिट करण्यात पैसे आणि बेड दोन्ही वाया जातात.

अ‍ॅझिथ्रोमायसिन एवढं कामाला का येतं? कारण ते पेशींच्या आत साठतं. रक्तात जेवढं असतं त्याच्या कितीतरी पट जास्त ते मॅक्रोफेजमध्ये सापडतं, आणि आपला चोर तिथेच तर लपलाय. दिवसातून एकदाच घ्यायचं, घरीच, म्हणून लोक कोर्स पुरा पण करतात. पण त्याच्या जिवावर फार उड्या मारता येणार नाहीत. बांगलादेशातल्या संशोधकांना असे टायफी जंतू सापडले ज्यांच्या एका पंपात, औषध बाहेर फेकणाऱ्या एसीआरबी नावाच्या प्रथिनात, फक्त एकाच जागी बदल झाला होता आणि तेवढ्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिन निकामी. यासाठी बाहेरून प्लास्मिड वगैरे काही यावं लागत नाही, जंतू वाढता वाढता आपोआप अशी चूक होऊ शकते. नंतर हा बदल इतर देशांतही सापडलाय. हाच बदल एक्सडीआर जंतूत पक्का बसला तर तोंडाने घ्यायची गोळी जवळपास संपली असं समजा. आणि हे माहीत असून आपण काय केलं, तर कोविडच्या काळात अ‍ॅझिथ्रोमायसिन चॉकलेटसारखं वाटलं, जेव्हा की ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीत हॉस्पिटलमधल्या कोविड पेशंटना त्याचा काही फायदा होत नाही हे दिसून आलं. चीड येते खरंतर.

बरं, आता पैसे वाया कुठे जातात ते बघू. सगळ्यात जास्त जातात ते तिसऱ्या दिवशी. अगदी बरोबर औषध चालू असलं तरी टायफॉईडचा ताप उतरायला चार ते सात दिवस लागतात, सेफ्ट्रियाक्झोनवर कधीकधी त्याहूनही जास्त. हे डॉक्टरांना माहीत असतं, घरच्यांना माहीत नसतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पेशंटला परत १०३ ताप येतो, घरचे घाबरतात, डॉक्टर बदलतात, नवा डॉक्टर नवं अँटिबायोटिक चालू करतो, चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो (तो पहिल्याच औषधाने उतरलेला असतो बहुतेक) आणि श्रेय दुसऱ्या, महागड्या औषधाला मिळतं. पुढच्या वेळी शेजाऱ्याला सल्ला पण त्याच औषधाचा. बघायचं काय असतं तर तापाचा आलेख खाली येतोय का: दुपारचा ताप कालच्यापेक्षा अर्धा-पाऊण डिग्री कमी आहे का, दोन तापांमधला वेळ वाढतोय का, पेशंटला थोडं खावंसं वाटतंय का. हे होत असेल तर औषध लागू पडतंय. कागदावर चार-चार तासांनी ताप लिहून ठेवला तर डॉक्टरलाही निर्णय घ्यायला सोपं जातं, 'काल खूप होता, आज पण आहे' यातून कोणाला काहीच कळत नाही. मात्र शुद्ध हरपायला लागली, पोट फुगून दुखायला लागलं, शौचातून रक्त गेलं, तर दिवस मोजत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

दुसरा खड्डा तपासणीचा. विडाल टेस्ट १८९६ ची आहे, आणि तिच्यावर अजूनही अर्धी दुनिया चालते. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी मोजते, त्या आधीच्या टायफॉईडच्या असू शकतात, लसीच्या असू शकतात, दुसऱ्याच कुठल्या इन्फेक्शनमुळे वर आलेल्या असू शकतात. एकदाच केलेली विडाल आणि त्यावर 'टायफॉईड आहे' म्हणून इंजेक्शनं, यात कित्येकांना टायफॉईड नसतोच. डेंग्यू असतो, स्क्रब टायफस असतो, साधा व्हायरल असतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आणि समजा खरंच टायफॉईड असला तरी विडाल हे सांगूच शकत नाही की जंतू कुठल्या औषधाने मरेल, म्हणजे रेझिस्टंट टायफॉईडच्या बाबतीत तिचा उपयोग शून्य.

उपयोग होतो तो ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून त्याच्यावर औषधं लावून बघायच्या टेस्टचा. महाग वाटते ही टेस्ट, वेळही लागतो, जंतू वाढायला एक-दोन दिवस, मग औषधं लावून बघायला अजून एक-दोन. पण चुकीच्या औषधाच्या एका कोर्सपुढे आणि वाया गेलेल्या आठवड्यापुढे तिची किंमत काहीच नाही. तिचीही मर्यादा आहे, शंभर खऱ्या टायफॉईड पेशंटमध्ये साधारण साठांमध्येच जंतू सापडतो. कारण ऐकलं तर आश्चर्य वाटेल: रक्तात जंतू इतके कमी असतात की एका मिलीलिटरमध्ये जेमतेम एखादा, बाकी सगळे पेशींच्या आत आणि मज्जेत. म्हणून कल्चरला रक्त जास्त घ्यावं लागतं, मोठ्या माणसाचं एका बाटलीला आठ-दहा मिलीलिटर. हात दुखतो म्हणून दोन मिलीलिटरमध्ये भागवलं तर टेस्टचे पैसे पाण्यात. आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी रक्त घेतलं गेलं पाहिजे, आधीच दोन दिवस गोळ्या खाऊन गेलात तर रिपोर्ट कोरा यायची शक्यता वाढते. पेशंट बेताचा आजारी असेल तर रक्त घेऊन लगेच औषध सुरू करता येतं आणि रिपोर्ट आला की बदलता येतं, त्यासाठी थांबून राहायची गरज नसते.

रिपोर्ट हातात आला की त्यात औषधांची यादी असते आणि समोर लागू, लागू नाही, किंवा मधलं असं लिहिलेलं असतं. इथे एक सापळा आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो. काही लॅब यादीत जेंटामायसिन, अमिकासिन ही नावं टाकतात आणि त्यांच्यापुढे 'लागू' असतं. लोकांना वाटतं वा, स्वस्त औषध मिळालं. काचेच्या बशीत ती औषधं टायफीला मारतात हे खरंय, पण शरीरात जंतू पेशींच्या आत असतो आणि ही औषधं तिथे नीट पोचत नाहीत, त्यामुळे पेशंटमध्ये उपयोग होत नाही. सेफ्ट्रियाक्झोन ज्या सेफॅलोस्पोरिन गटातलं आहे, त्यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या औषधांचंही तसंच, सेफ्युरॉक्सिम वगैरे. लॅबसाठी जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात स्पष्ट म्हटलंय की साल्मोनेलाच्या रिपोर्टमध्ये ही औषधं लागू म्हणून दाखवू नका. तरी दिसतात. उलट अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि जुनी तीन औषधं, ज्यांची खरी गरज असते, ती कधीकधी यादीत नसतातच. तेव्हा लॅबला आधीच सांगून ठेवायचं: अ‍ॅझिथ्रोमायसिन, को-ट्रायमॉक्साझोल, क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, सेफ्ट्रियाक्झोन एवढी तरी लावून बघा.

जुनी औषधं का, तर यातच सगळ्यात स्वस्त इलाजाची शक्यता लपलीय. वीस-तीस वर्षं क्लोरॅम्फेनिकॉल आणि को-ट्रायमॉक्साझोल टायफॉईडला फारसं कोणी दिलंच नाही, आणि भारत-नेपाळमध्ये आता बरेचसे जंतू या औषधांना परत मरतायत असं दिसतंय. सिप्रोला न जुमानणारे, पण जुनी औषधं पचवायला मदत करणारं प्लास्मिड गमावून बसलेले जंतू तिथे जास्त पसरलेत. को-ट्रायमॉक्साझोल तर इतकं स्वस्त आहे की त्याची जाहिरात करायला कोणी कंपनी येणार नाही, म्हणून आपल्या कानावर पण येत नाही. अर्थात तोटे आहेत. क्लोरॅम्फेनिकॉलने फार क्वचित, पंचवीस-चाळीस हजारांत एखाद्याला, हाडांमधली मज्जा कायमची बंद पडू शकते, कोर्स दोन आठवड्यांचा आणि दिवसातून चार वेळा, शिवाय ताप उलटायचं प्रमाण जास्त. को-ट्रायमॉक्साझोलची काहींना ॲलर्जी येते. आणि एक्सडीआर जंतूवर ही सगळी निकामीच आहेत, तिथे हा मार्ग बंद. म्हणून कल्चर न करता 'आता जुनी औषधं चालतात म्हणे' असं ठोकून द्यायचं काम नाही हे. पण कल्चरमध्ये 'लागू' आलं असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की यातलं एखादं चालेल का, विचारायला काय हरकत आहे. आणि सरसकट सगळ्यांनी परत त्याच औषधांवर तुटून पडलं तर ते प्लास्मिड परत यायलाही वेळ लागणार नाही हेही खरं.

दोन गोळ्या एकत्र द्यायचा विचारही चालू आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन पेशींच्या आतले जंतू बघेल आणि सेफिक्सिम (सेफ्ट्रियाक्झोनच्याच गटातली गोळी) रक्तातले, असा हिशोब, दोन्ही गोळ्या जुन्या, दोन्ही स्वस्त. ही जोडी फक्त अ‍ॅझिथ्रोमायसिनपेक्षा चांगली पडते का हे बघायला भारत, नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तानात मिळून मोठी चाचणी हाती घेतली गेली, तीही अशी की कोणाला काय मिळतंय ते पेशंटला माहीत नाही. कल्पना मला पटते. पण जोडगोळ्यांचं एक दुखणं असं की त्या दुकानात मिळायला लागल्या की विचार बंद होतो. सेफिक्सिम आणि ऑफ्लॉक्सासिन एकत्र असलेली गोळी घ्या, ऑफ्लॉक्सासिन हे सिप्रोचंच भावंड, जिथे सिप्रो गेलंय तिथे ते अर्धं औषध नुसतं पोटात जातं, जंतूला काही होत नाही, आणि आतड्यातल्या बाकी जंतूंना मात्र रेझिस्टन्सची शिकवणी मिळते.

ज्यांना सुई टाळताच येत नाही त्यांच्यासाठी खर्च कमी करायची एक साधी युक्ती म्हणजे दिवसातून एकदा द्यायचं इंजेक्शन निवडणं. सेफ्ट्रियाक्झोन लागू असेल तर ते एकदाच द्यावं लागतं, पेशंट ठणठणीत दिसायला लागला की रोज येऊन इंजेक्शन घेऊन घरी जाऊ शकतो. एक्सडीआर असेल तर मेरोपेनेमच्याच गटातलं अर्टापेनेम दिवसातून एकदा चालतं, आणि काही ठिकाणी डॉक्टर सुरुवातीचे दिवस अ‍ॅडमिट ठेवून पुढे असं डे-केअरवर आणतात किंवा ताप उतरायला लागला की अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळीवर टाकतात. याबद्दल तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरांशी बोललं पाहिजे, डिस्चार्जच्या दिवशी बोलून उपयोग नाही.

फार गंभीर पेशंटबद्दल एक जुनी पण विसरली गेलेली गोष्ट. १९८४ मध्ये जकार्तामधला एक अभ्यास छापून आला, शुद्ध हरपलेल्या किंवा शॉकमध्ये गेलेल्या टायफॉईडच्या ३८ पेशंटचा. सगळ्यांना क्लोरॅम्फेनिकॉल दिलंच होतं, पण निम्म्यांना जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड मोठ्या डोसमध्ये. स्टेरॉईड न मिळालेल्यांत १८ पैकी १० गेले, मिळालेल्यांत २० पैकी २. अभ्यास छोटा आहे, पण फरक डोळ्यात भरणारा आहे आणि डेक्सामेथासोन जगातल्या सगळ्यात स्वस्त औषधांपैकी एक आहे. हे फक्त आयसीयूत न्यायच्या लायकीच्या पेशंटसाठी, डॉक्टरांच्या हातून. साध्या टायफॉईडमध्ये ताप लवकर उतरावा म्हणून कोणी स्टेरॉईड देत असेल तर तो वेडेपणा आहे, ताप दिसेनासा होतो आणि आत आतड्याचं काय चाललंय ते कळत नाही.

नवीन औषधांचं म्हणाल तर टेबिपेनेमकडे लक्ष ठेवण्यासारखं आहे, हे कार्बापेनेम असून तोंडाने घेता येतं. जपानमध्ये ते २००९ पासून मुलांना दिलं जातंय, तिथे मुख्यतः कान आणि श्वसनमार्गाच्या इन्फेक्शनसाठी. टायफॉईडमध्ये ते नीट चाललं तर दोन आठवड्यांचं अ‍ॅडमिशन वाचेल, पण ते लगेच सगळ्यांना द्यायला लागलो तर कार्बापेनेम हा शेवटचा गटही आपण सिप्रोच्या वाटेने पाठवू. जंतूंना खाणाऱ्या फेज व्हायरसवरही लोक काम करतायत, ते अजून लांबचं.

राहिली लस. इलाजावरच्या लेखात लस कशाला असं वाटेल, पण रेझिस्टंट टायफॉईडवर सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त परिणाम तिचाच दिसलाय. टायफॉईड कॉन्जुगेट लस, जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या शेवटी-शेवटी पहिल्यांदा मान्य केलेली ती भारत बायोटेकची. एकच डोस, नऊ महिन्यांच्या बाळालाही चालतो. नेपाळमधल्या चाचणीत तिने पहिल्या टप्प्यात साधारण ८२ टक्के संरक्षण दिलं. पाकिस्तानने २०१९ मध्ये ती सिंधपासून सुरुवात करून सरकारी लसीकरणात घेतली, असं करणारा तो पहिला देश, आणि हैदराबादमध्येच केलेल्या अभ्यासात एक्सडीआर टायफॉईडविरुद्ध मुलांमध्ये तिचा परिणाम ९७ टक्के आला. जंतू औषध पचवतो का नाही याच्याशी लसीला देणंघेणंच नाही, ती त्याच्या बाहेरच्या आवरणावर काम करते. जंतू माणसातून माणसातच जात असल्यामुळे प्रत्येक टळलेला पेशंट म्हणजे पुढचे काही टळलेले पेशंट, आणि तेवढी कमी अँटिबायोटिक. फक्त पॅराटायफॉईड या चुलतभावावर ही लस चालत नाही, म्हणून लस घेतली तरी लांबलेल्या तापात कल्चर करावंच लागतं.

शेवटी एक कामाची गोष्ट, जी डिस्चार्जच्या गडबडीत कोणी सांगत नाही. टायफॉईड बरा झाल्यावर साधारण शंभरातल्या पाच-दहा लोकांना दोन-तीन आठवड्यांत ताप उलटतो. याचा अर्थ लगेच 'औषध फेल गेलं, आता अजून भारी द्या' असा नसतो, उलटलेल्या तापातला जंतू बहुतेक वेळा आधीचाच असतो आणि आधी ज्या औषधाने मेला त्यानेच परत मरतो. तेव्हा पहिला कल्चर रिपोर्ट फोटो काढून ठेवा, कोणतं औषध किती दिवस घेतलं ते त्याच्या मागे लिहा, आणि ताप परत आला तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवून, नवं औषध सुरू करायच्या आधी पुन्हा एकदा कल्चरचं रक्त द्या.